टोकेलाऊचा अभ्यास कुठून सुरू करावा

भूगोलाच्या वहीत देशाची माहिती लिहायची म्हटली की मुलं आधी तक्ता आखतात: राजधानी, क्षेत्रफळ, लोकसंख्या, चलन, भाषा. बहुतेक ठिकाणी तो तक्ता चालून जातो. टोकेलाऊ या दक्षिण प्रशांत महासागरातल्या, न्यूझीलंडच्या अखत्यारीतल्या छोट्या प्रदेशाला मात्र तो पहिल्याच रकान्यात अडतो, कारण टोकेलाऊला राजधानी नाही. म्हणून वर्गात हा प्रदेश शिकवायचा असेल तेव्हा मी तक्ता बाजूला ठेवायला सांगते आणि कोरा कागद घ्यायला लावते. ज्यांना प्रकल्प करायचाय, स्पर्धा परीक्षेसाठी वाचायचंय किंवा नुसतं कुतूहल आहे, त्या सगळ्यांना मी हाच क्रम सुचवेन: आधी नकाशा, मग जहाज, मग पाणी, मग माणसं आणि शेवटी सरकार. सरकार शेवटी का, ते तिथवर पोचल्यावर आपोआप कळतं.

नकाशा स्वतः काढा, छापील चिकटवू नका. छापील नकाशात टोकेलाऊ म्हणजे निळ्या रंगातले तीन ठिपके, त्यातून काहीच हाती लागत नाही. कागदाच्या खालच्या टोकाला सामोआ काढा. तिथून उत्तरेला सुमारे ५०० किलोमीटर अंतर सोडा आणि मग तीन कंकणद्वीपं, म्हणजे प्रवाळाची कड्यासारखी बेटं, मांडा. वायव्येला अताफू, मधे नुकुनोनू, आग्नेयेला फाकाओफो. तिन्ही जवळजवळ एका तिरक्या रेषेत येतात. अताफू ते नुकुनोनू साधारण ९० किलोमीटर, नुकुनोनू ते फाकाओफो साधारण ६० ते ६५. एवढं झालं की एकेक कंकणद्वीप मोठं करून काढा: फुटलेल्या बांगडीचे तुकडे गोलाकार मांडावेत तशी चिंचोळी बेटं, आणि मधे खारकच्छ, म्हणजे त्यांनी वेढलेलं समुद्राचं पाणी. ही बेटं जेमतेम काहीशे मीटर रुंद असतात. तिन्ही कंकणद्वीपांची जमीन एकत्र केली तरी १२ चौरस किलोमीटरच्या आतच बसते, आणि सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून पाचएक मीटरवर. डोंगर नाही, नदी नाही, ओढा नाही. नकाशा काढणाऱ्या मुलाचा हात इथे थबकतो, कारण रंगवायला काही उरतच नाही. हे थबकणं मला महत्त्वाचं वाटतं. पुढचे सगळे प्रश्न तिथूनच निघतात.

जमिनीभोवतीचा समुद्रही काढायला विसरू नका. टोकेलाऊचं अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या माशांवर आणि इतर साधनांवर त्याचा हक्क आहे तो समुद्र, तीन लाख चौरस किलोमीटरहून मोठं आहे. आकाराने ते जवळपास महाराष्ट्राएवढं भरतं. जमीन बोटभर आणि समुद्र राज्याएवढा, ही तुलना मनात पक्की करा. मासेमारीच्या परवान्यांचे पैसे हे टोकेलाऊच्या स्वतःच्या उत्पन्नाचं मुख्य साधन का, हे मग वेगळं पाठ करावं लागत नाही.

आता जहाज. टोकेलाऊत विमानतळ नाही. जायचं ते सामोआतल्या अपिया बंदरातून, बोटीनेच. पहिलं कंकणद्वीप गाठायला साधारण एक दिवस आणि एक रात्र लागते, अताफूपर्यंत त्याहून जास्त. २०१६ पासून ‘मातालिकी’ नावाचं प्रवासी जहाज या मार्गावर आहे. जहाज थेट किनाऱ्याला लागत नाही. बाहेर प्रवाळभिंत आहे, म्हणून ते खोल पाण्यात थांबतं आणि माणसं, पिठाची पोती, तांदूळ, इंधन, सगळं छोट्या सपाट बोटींतून किनाऱ्यावर उतरवलं जातं. लाटा उसळलेल्या असतील तर थांबावं लागतं. प्रवाशाला बेटावर उतरण्यासाठी त्या बेटाच्या गावसभेची परवानगी लागते आणि ती अपियातल्या टोकेलाऊच्या कार्यालयामार्फत आधीच मागायची असते. माझ्या मते इथली सत्ता कुठे आहे याचा पहिला पुरावा हाच. पाहुण्याला आत घ्यायचं की नाही, हे गाव ठरवतं.

एक बारीक गोष्ट नकाशावरच टिपून ठेवा. जुन्या नकाशांत आंतरराष्ट्रीय वाररेषा टोकेलाऊच्या पश्चिमेला दिसते. २०११ च्या डिसेंबरअखेरीस सामोआने ३० तारीख गाळून पुढचा वार धरला आणि टोकेलाऊनेही तेच केलं. व्यवहार सामोआशी आणि न्यूझीलंडशी, त्यामुळे वारही त्यांचाच धरणं सोयीचं. ज्या नकाशात ही रेषा अजून पश्चिमेला आहे, तो त्याआधीचा आहे असं समजा.

पाण्याचा भाग मी कधीच घाईने उरकत नाही. प्रवाळाच्या वाळूत पावसाचं पाणी थोडंफार मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. तेवढ्यावर भागत नाही. म्हणून छपरावरचं पाणी टाक्यांत साठवतात, आणि पिण्याचं पाणी ते हेच. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये पाऊस लांबला, टाक्या रिकाम्या होत आल्या आणि आणीबाणी जाहीर करून बाहेरून पाणी आणावं लागलं. चारी बाजूंनी पाणी असलेल्या ठिकाणची ही टंचाई मुलांना चटकन पटत नाही, म्हणून त्यांना एक हिशोब करायला देते: आपल्या छपराची लांबी-रुंदी मोजा, पावसाच्या मिलिमीटरने गुणा आणि टाकीत किती लिटर येईल ते सांगा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हा हिशोब एकदा स्वतः केला की टाकीतल्या दर लिटरची किंमत कळते.

मातीचंही तसंच. माती फारच कमी. नारळ, विलायती फणस, केवड्याच्या जातीची झाडं तग धरतात. अळूच्या कुळातला पुलाका हा कंद मुद्दाम खणलेल्या खड्ड्यांत पाला कुजवून लावतात. बाकी खाणं समुद्रातून आणि जहाजातून. विजेची गोष्ट थोडक्यात सांगते: २०१२ मध्ये न्यूझीलंडच्या पैशातून तिन्ही ठिकाणी सौर केंद्रं बसवली, एकूण ४,०३२ पॅनेल आणि १,३४४ बॅटऱ्या, क्षमता सुमारे एक मेगावॅट. तोवर वीज डिझेलवर होती आणि डिझेल जहाजावर अवलंबून होतं.

माणसांकडे वळताना लोकसंख्येचा आकडा एकच घेऊ नका, दोन घ्या. बेटांवर राहतात साधारण १,५००. न्यूझीलंडच्या २०१८ च्या जनगणनेत स्वतःला टोकेलाऊचे म्हणवणारे ८,६७६. म्हणजे टोकेलाऊची बहुतेक माणसं टोकेलाऊत राहतच नाहीत. १९६६ च्या वादळानंतर न्यूझीलंड सरकारच्या पुनर्वसन योजनेला वेग आला आणि कुटुंबंच्या कुटुंबं तिकडे गेली. ही सगळी माणसं न्यूझीलंडची नागरिक आहेत, त्यामुळे तिथे जाऊन राहायला अडचण नाही. शिक्षण, नोकरी, दवाखाना, सगळ्यांची ओढ तिकडेच.

याआधीची एक तारीख वहीत ठळक लिहा: १८६३. त्या वर्षी पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी या बेटांवरून सुमारे २५० माणसं नेली. तेव्हाच्या वस्तीचा तो जवळजवळ निम्मा भाग होता, आणि त्यातलं जवळपास कुणीच परतलं नाही. टोकेलाऊच्या बहुतेक ओळखवजा माहितीत या गोष्टीला एक ओळही मिळत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. लहान वस्तीतून तरुण माणसं एकदम गेली की मासे कोण धरणार, खड्डे कोण खणणार, मुलांना होडी कोण शिकवणार? पुढच्या काळात बाहेरून आलेले युरोपीय आणि इतर बेटांवरचे लोक इथे स्थायिक झाले आणि आजची घराणी त्यातून उभी राहिली.

धर्माची विभागणी लक्षात ठेवायला सोपी आहे: अताफूवर मुख्यतः प्रोटेस्टंट, नुकुनोनूवर मुख्यतः कॅथलिक, फाकाओफोवर दोन्ही. रविवारी कामं बंद.

ज्याला टोकेलाऊ खरंच समजून घ्यायचंय, त्याने ‘इनाती’वर निदान एक पान लिहावं. गावाने मिळून मासेमारी केली की मासे किनाऱ्यावर एकत्र मांडतात आणि घरटी माणसं मोजून वाटे घालतात. ज्याच्या घरात मासे धरणारं कुणी नाही, त्या म्हाताऱ्या बाईचाही वाटा तेवढाच हक्काचा. वाटे घालणारे ठरलेले असतात आणि कुणाच्या घरी किती तोंडं आहेत हे त्यांना माहीत असतं. पगार, दुकानं, फ्रीज आले तरी ही पद्धत टिकून आहे. बारा चौरस किलोमीटरांत राहायचं तर कुणालाही वगळून चालत नाही, हे त्या समाजाने फार आधी ओळखलंय असं मला वाटतं.

आता सरकार. बहुतेक पुस्तकं वरून खाली येतात: राजा, प्रशासक, मग संसद, मग गाव. आपण खालून वर जाऊ. सर्वांत खाली, आणि खऱ्या अर्थाने पाया, म्हणजे प्रत्येक गावाची ज्येष्ठांची सभा, ताउपुलेगा. तिची रचना तिन्ही ठिकाणी थोडी वेगळी आहे. शाळा, दवाखाना, गावातली कामं तिच्याच अखत्यारीत येतात. तिच्या सांगण्यावरून कामं पार पाडणारा पुरुषांचा गट म्हणजे आउमागा, आणि स्त्रियांची संघटना फातुपाएपाए. प्रत्येक गाव दर तीन वर्षांनी दोन प्रमुख निवडतं: फाइपुले, जो गावाच्या वतीने बाहेर बोलतो, आणि पुलेनुकू, जो गावातला कारभार बघतो. तीन फाइपुले आणि तीन पुलेनुकू मिळून सहा जणांचं मंत्रिमंडळ होतं. त्यावर संपूर्ण टोकेलाऊची सभा, जनरल फोनो. राजकीय पक्ष नाहीत.

या तीन फाइपुलेंपैकी एक जण वर्षभर ‘उलु’, म्हणजे शासनप्रमुख असतो. पुढच्या वर्षी दुसरा, मग तिसरा. प्रमुख ज्या बेटाचा, त्या बेटावर त्या वर्षीचं मुख्य ठिकाण. राजधानीचा रकाना रिकामा राहतो तो यामुळे. तिन्ही गावांपैकी कुणी मोठं नको, म्हणून मानही फिरता ठेवला. वहीत राजधानीच्या जागी ‘दरवर्षी फिरते’ असं लिहा, गुण कापले गेले तरी चालतील.

सर्वांत वर वेलिंग्टनमधला प्रशासक. न्यूझीलंडचा परराष्ट्रमंत्री त्याची नेमणूक करतो. हा वरचा मजला कसा आला ते तीन तारखांत बसवा: १८८९ मध्ये ब्रिटिश संरक्षण, १९२०च्या दशकाच्या मध्यापासून न्यूझीलंडचा कारभार आणि १ जानेवारी १९४९ पासून टोकेलाऊ न्यूझीलंडचाच भाग. मग उलटा प्रवाह सुरू झाला. १९९४ मध्ये प्रशासकाचे अधिकार फोनोकडे सोपवले गेले, १९९६ मध्ये फोनोला कायदे करण्याचा अधिकार मिळाला, आणि त्यानंतरच्या दशकात सार्वजनिक सेवा गावसभांच्या हाती आल्या.

यापुढची गोष्ट म्हणजे दोन सार्वमतं, आणि ही मी आकड्यांसकट शिकवते. प्रश्न असा होता: कुक बेटं आणि निउए यांच्यासारखं, न्यूझीलंडशी मुक्त सहयोग ठेवून, म्हणजे कारभार आपला पण न्यूझीलंडशी नातं कायम, स्वशासित व्हायचं का? अट दोन तृतीयांश मतांची. फेब्रुवारी २००६ मध्ये ६० टक्के लोक बाजूने. ऑक्टोबर २००७ मध्ये ६९२ वैध मतांपैकी ४४६ बाजूने. दोन तृतीयांशाला ४६२ लागत होती. सोळा मतं कमी पडली. अनेक ठिकाणी याचं वर्णन ‘टोकेलाऊने स्वातंत्र्य नाकारलं’ असं केलेलं सापडेल; ते लिहू नका. दोन्ही वेळा बहुमत ‘हो’ म्हणणाऱ्यांचं होतं, अट पुरी झाली नाही इतकंच. आणि न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या हजारो टोकेलाऊवासीयांना या मतदानात भाग घेता आला नव्हता, हेही सोबत लिहा. संयुक्त राष्ट्रांच्या अ-स्वशासित प्रदेशांच्या यादीत टोकेलाऊ आजही आहे.

नकाशावर एक चौथा ठिपका राहिलाय. फाकाओफोच्या दक्षिणेला ओलोहेगा, ज्याला अमेरिकी नकाशात स्वेन्स बेट म्हणतात. टोकेलाऊचे लोक ते आपलंच मानतात. १९२५ पासून ते अमेरिकन सामोआत आहे. १९८० च्या करारात अमेरिकेने तीन कंकणद्वीपांवरचा आपला दावा सोडला आणि ओलोहेगा अमेरिकेकडे राहिलं. ते वेगळ्या रंगाने काढा आणि खाली कराराचं वर्ष लिहा.

चलन न्यूझीलंड डॉलर. इंटरनेटच्या पत्त्याच्या शेवटी येणारं टोकेलाऊचं ‘.टीके’ हे नाव फुकट वाटलं गेलं, आणि जगभरात त्यावर कोट्यवधी पत्ते नोंदले गेले. हा भाग मुलांना फार आवडतो, पण त्यात रमलात तर बाकीचं राहून जातं.

आकडे घेताना प्रत्येकापुढे वर्ष लिहा. दीड हजारांच्या वस्तीत दहा कुटुंबं गेली तरी टक्केवारी हलते.

सगळं झालं की स्वतःची परीक्षा अशी घ्या. समजा, अताफूवर एकाला शस्त्रक्रिया हवी आहे आणि ती बेटावरच्या दवाखान्यात होण्यासारखी नाही. तो कुठल्या क्रमाने कुठे जाईल? कुणाला कळवावं लागेल, प्रवाळभिंत कशातून ओलांडेल, वाटेत कुठली बेटं लागतील, अपियाला किती वेळाने पोचेल, तिथून पुढे न्यूझीलंडला जायचं झालं तर कुठल्या नागरिकत्वावर, आणि तो परत येईपर्यंत त्याच्या घरच्यांच्या माशांचा वाटा कोण घालेल? पुस्तक न उघडता एवढी उत्तरं लिहा, आणि मगच रकान्यांचा तक्ता भरायला घ्या.