इस्टेटीत मिळून एकच बॉयलर चालवायचाय? मग या चुका टाळा

गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, पिसुर्ले, कुठल्याही औद्योगिक इस्टेटीत बघा, भिंतीला भिंत लागून कारखाने पण बॉयलर प्रत्येकाचा वेगळा, एकाचं गरम पाणी गटारात जातंय आणि शेजारचा तेवढंच पाणी तापवायला डिझेल जाळतोय. चारजण मिळून काजूच्या टरफलांवर किंवा ब्रिकेट्सवर (भुसा-काडीकचरा दाबून केलेल्या विटांवर) एक बॉयलर नक्की चालवू शकतात, फक्त घाई करू नका.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे चौघांच्या बॉयलरच्या प्लेटवरचे आकडे जोडून नवा बॉयलर मागवणं. प्लेटवर बॉयलरची ताकद असते, तुमचा खप नाही, आणि सगळ्यांना एकाच वेळी फुल वाफ लागतही नाही, मग तो मोठा बॉयलर दिवसभर कमी लोडवर धुमसत राहतो, धूर वाढतो, इंधन वाया जातं. आधी निदान आठवडाभर वाफेच्या खपाचं तासातासाचं रीडिंग घ्या, आणि कोणाला किती अंश लागतात तेही लिहून काढा. दूध पाश्चराइझ करायला ७२ अंश पुरतात, त्याला ७ बार दाबाची १७० अंशांची वाफ कशाला? जास्त तापमानवाल्याला आधी द्या, त्याच्याकडून उरलेल्या उष्णतेवर पुढच्याचं पाणी तापवा. डेन्मार्कच्या कालुंडबोर्गला वीजकेंद्राची वाफ शेजारचे कारखाने कित्येक वर्षं वापरतायत, म्हणजे हे होतं.

कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी, बॉयलरकडे परत न आणणं ही दुसरी. फीडवॉटर (बॉयलरमध्ये जाणारं पाणी) ६ अंशांनी गरम झालं की साधारण १ टक्का इंधन वाचतं, म्हणजे नळाच्या ३० अंशांच्या पाण्याऐवजी ९० अंशांचं कंडेन्सेट आलं तर जवळजवळ १० टक्के! मात्र कोणाच्या एक्सचेंजरला (वाफेची उष्णता मालाला देणाऱ्या यंत्राला) भोक पडलं तर त्याचा माल सगळ्यांच्या बॉयलरमध्ये येतो, म्हणून प्रत्येकाच्या परतीच्या लाइनवर पाण्यात काही मिसळलं की दाखवणारा कंडक्टिव्हिटी मीटर हवाच.

शेवटच्या कारखान्याला वाफ ओली येते अशी तक्रार आली की लगेच प्रेशर वाढवू नका, आधी स्टीम ट्रॅप (लाइनमध्ये साचलेलं पाणी बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) आणि पाइपवरचं इन्सुलेशन बघा. आपल्याकडच्या पावसात त्यावरच्या पत्र्याचे सांधे उघडे राहिले की आतलं रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) पाणी पितं, आणि भिजलेलं इन्सुलेशन असून नसल्यासारखंच.

टरफलांचंही तसंच. काजूचा मोसम उन्हाळ्यात, बॉयलर वर्षभर, म्हणून मोठी पक्की शेड जूनच्या आधी बांधा, ओल्या इंधनाची बरीच आग आधी त्यातलं पाणी उडवण्यातच जाते.