पिशवी काढण्याआधी तुकडा: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची स्टेज कशी ठरते

पाळी गेल्यावर पुन्हा डाग लागले, संबंधानंतर रक्त गेलं किंवा अंगावरून घाण वासाचं पाणी जाऊ लागलं, तर ‘पिशवी काढून टाकू’ या सल्ल्याला लगेच मान डोलावू नका. आधी स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरायचं साधन, लावून गर्भाशयाचं तोंड बघायला सांगा. पोटावरच्या सोनोग्राफीत तिथली लहान गाठ सहज निसटते.

गाठ डोळ्यांना दिसत असेल तर पॅप स्मिअरमध्ये, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून करायच्या तपासणीत, वेळ घालवू नये. वरच्या मेलेल्या पेशी आणि रक्तामुळे तो खोटा ‘नॉर्मल’ येऊ शकतो. थेट बायोप्सीच, म्हणजे तुकडा काढून तपासणी, करावी. गाठ दिसत नसेल तर ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून मिनिटभर थांबतात. पांढरा, कडा स्पष्ट असलेला डाग उमटला की कॉल्पोस्कोपमधून, म्हणजे मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून, बघत तिथला तुकडा घेतात. मोठ्या गाठीचा तुकडा कडेचा हवा. मधला भाग कुजलेला असला की रिपोर्टात नुसतं ‘नेक्रोसिस’ येतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. तुकडा लगेच १० टक्के फॉर्मलिनमध्ये टाकायचा, द्रव त्याच्या दहापट तरी. सलाईनमध्ये पाठवलेला तुकडा वाटेतच खराब होतो.

रिपोर्टातला ‘ग्रेड ३’ वाचून घरात रडारड होते, पण ती तिसरी स्टेज नव्हे. ग्रेड पेशी किती बिघडल्या ते सांगते, स्टेज रोग कुठवर गेला ते.

स्टेजसाठी योनीतून आणि गुदद्वारातून, दोन्हीकडून बोटाने तपासतात. गुदद्वारातली तपासणी लाजेपोटी टाळू नका: गर्भाशयमुखाच्या बाजूची ऊती, पॅरामेट्रियम, कडक झाली का, हे तिथूनच नीट कळतं. मग ओटीपोटाचा एमआरआय, किडनीची सोनोग्राफी आणि किडनीचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी.

फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१८च्या पद्धतीत ५ मिमीपर्यंत खोल, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा रोग १ए. गर्भाशयमुखापुरताच पण त्याहून खोल तो १बी: गाठ २ सेंमीपर्यंत असेल तर १बी१, २ हून जास्त ते ४ सेंमीपर्यंत १बी२, ४ हून जास्त १बी३. योनीच्या वरच्या दोन तृतीयांशात उतरला तर २ए, पॅरामेट्रियममध्ये शिरला तर २बी. योनीच्या खालच्या भागात ३ए; ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचला किंवा त्यामुळे किडनी फुगली तर ३बी; लिम्फ गाठींत (रसग्रंथींत) गेला तर ३सी. मूत्राशय वा गुदाशयाच्या आतल्या अस्तरात ४ए, दूरच्या अवयवांत ४बी.

१बी३पासून ४एपर्यंत बहुधा शस्त्रक्रियेऐवजी केमोसह रेडिएशन देतात. तपासणी न करता पिशवी काढली आणि नंतर कर्करोग निघाला, तर गाठ मुळात केवढी होती हे सांगणं अवघड जातं. बऱ्याचदा ऑपरेशन होऊनही रेडिएशन घ्यावंच लागतं.

दुसऱ्या रुग्णालयात जाताना रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही. लॅबमधून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड्स (त्याचे काचेवरचे पातळ काप) मागून घ्या आणि त्यांवरचा नंबर रिपोर्टाशी जुळतो का, ते काउंटरवरच बघा.