बेलोरा ते सोनेगाव: अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

अमरावतीचा बेलोरा विमानतळ एप्रिल 2025 मध्ये सुरू झाल्यापासून तिवसा, चांदूर रेल्वे, कारंजा घाडगे या पट्ट्यातल्या माणसापुढे दोन पर्याय आहेत: बेलोरा आणि नागपूरचा सोनेगाव विमानतळ. त्यातला जवळचा कोणता, हे नकाशावरच्या सरळ रेषेने ठरवू नका.

तरी आधी ती रेषा मोजू. सोनेगावचे अक्षांश-रेखांश 21°05′32″ उत्तर आणि 79°02′50″ पूर्व, बेलोऱ्याचे 20°48′50″ आणि 77°43′05″. यांचं दशांशात रूपांतर करताना हमखास घोळ होतो. 21°05′32″ म्हणजे 21.0532 नव्हे. मिनिटांना 60 ने आणि सेकंदांना 3600 ने भागून बेरीज करायची, म्हणजे 21.092 येतं. हे चुकलं की याच दोन विमानतळांत तब्बल 36 किमी जास्त निघतात.

अक्षांशांचा फरक 0.28 अंश. एक अंश 111 किमीचा, म्हणून 31 किमी. रेखांशांचा फरक 1.33 अंश; आपल्या विदर्भात रेखांशाचा एक अंश सुमारे 104 किमी भरतो, कारण ध्रुवांकडे जाताना रेखांश जवळ येत जातात. म्हणून 138 किमी. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा: 141 किमी.

एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) ताशी 500 किमीच्या आसपास उडतं, म्हणजे 17 मिनिटं. हा आकडा फसवा आहे. अमरावती-मुंबई सरळ अंतर सुमारे 540 किमी. भागाकाराने 65 मिनिटं येतात, पण वेळापत्रकात साधारण पावणेदोन तास असतात. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरण्याची रांग यांचे 40 मिनिटं कुठल्याही उड्डाणात धरावेच लागतात. शिवाय बेलोरा-सोनेगाव थेट विमान नाही, म्हणून आपल्याला कामाचं अंतर रस्त्याचंच.

कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा, नांदगाव पेठ या जुन्या महामार्गाने अंदाजे 160 ते 165 किमी होतात. चारचाकीला तीन तास धरा. नागपूरजवळच्या वाडीची गर्दी आणि गावागावातले गतिरोधक सरासरी ताशी 55 च्या वर जाऊ देत नाहीत. दुसरी वाट समृद्धी महामार्गाची: नागपूरजवळच्या शिवमडक्याहून चढून नांदगाव खंडेश्वरकडे उतरायचं आणि यवतमाळ रस्त्याने अमरावतीच्या दिशेने यायचं. वेळ वाचतो, पण दुचाकीला मनाई आहे आणि टोल लागतो. एप्रिल-मे महिन्यांत घरून निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच त्यांची हवा तपासा. तापल्या काँक्रीटवर ताशी 120 च्या वेगात कमी हवेचा टायर फुटू शकतो.

रेल्वेने यायचं तर बडनेऱ्याहून नागपूर साधारण तीन तास. पुढे मेट्रोने सीताबर्डीला गाडी बदलून एअरपोर्ट स्टेशन. ते वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. सामान असेल तर तिथून ऑटो करा.

आता उलटं मोजा. विमान सकाळी 10 चं असेल तर टर्मिनलवर 8 ला. तिवश्याहून नागपूरला चारचाकीने सव्वादोन तास धरा, वर अर्धा तास राखीव, म्हणजे सव्वापाचला निघायचं. पावसाळ्यात राखीव वेळ एक तास ठेवा.

कारंजा घाडगे जवळपास मध्यावर पडतं. तिथल्यांनी किलोमीटर सोडून विमानं बघावीत. बेलोऱ्याहून मुंबईचं विमान आठवड्यातले मोजकेच दिवस असतं आणि ते रद्द झालं तर त्या दिवशी दुसरं नाही. दवाखान्याची किंवा कोर्टाची तारीख गाठायची असेल तर नागपूरच धरा.