चाळिशीत साल्सा शिकायचाय? आधी ऐकायला बसा

साल्साच्या पहिल्या क्लासला गेले तेव्हा मी 44 वर्षांची होते. त्याआधी नाच म्हणजे शाळेतलं लेझीम आणि घरच्या लग्नातली वरात, एवढंच. आता 3 वर्षं झाली. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी पुण्यात नाचायला जाते आणि त्या दोन संध्याकाळींवर माझा अख्खा आठवडा चालतो. ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, "आता या वयात आम्हाला जमेल का गं?" जमेल. फक्त माझ्यासारखी उलटीकडून सुरुवात करू नका.

मी पहिल्यांदा जिथे गेले तिथे स्टेजवर करायचा एक नाच बसवत होते. सहा आठवड्यांत मला चार गिरक्या आल्या, पण सर मोठ्याने "वन टू थ्री" म्हणत होते तोवरच. मोजणं थांबलं आणि गाणं तेवढं उरलं की माझे पाय जागीच थिजायचे. मी क्लास सोडला, दोन महिने तिकडे फिरकले नाही.

मग एका रविवारी घरी तीच गाणी लावून भाजी निवडत होते. बाबा शेजारी पेपर वाचत होते. त्यांनी चाळीस वर्षं भजनी मंडळात टाळ धरलाय. थोड्या वेळाने बघते तर त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर चाललेलं. म्हणाले, "अगं, आठच मात्रा आहेत की. आपल्या भजनी ठेक्यासारख्या. पण ही टकटक बघ, एका अर्ध्यात तीन, दुसऱ्यात दोन." ते ज्याला टकटक म्हणत होते त्याला क्लावे म्हणतात. दोन आखूड, गोल लाकडी काड्या एकमेकींवर वाजवतात, आणि सगळी वाद्यं त्या पाच ठोक्यांचा हिशेब धरून चालतात. पूर्व क्यूबातल्या सोन संगीतातून ही चाल न्यूयॉर्कला पोचली आणि तिथे साल्सा झाली. बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी फक्त ऐकलं होतं.

म्हणून पहिले पंधरा दिवस पाय हलवू नका, ऐका. गायिका सेलिया क्रूझ ऐका, वाद्यवृंद चालवणारे जॉनी पाचेको ऐका. पाचेकोंनी 1964 मध्ये जेरी मासुची यांच्याबरोबर फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली. तिची जुनी रेकॉर्डिंग कान तयार करायला फार चांगली, कारण वाद्यं सुटी सुटी ऐकू येतात. गाणं रंगात आलं, मागचा कोरस सुरू झाला की घंटेसारखी एक कडक ठणठण येते, ती आठ मात्रांपैकी 1, 3, 5, 7 वर. आणि कोंगाच्या, म्हणजे हाताने वाजवायच्या उंच ढोलाच्या, साध्या ठेक्यात एक घुमणारा जोडठोका येतो, "टुमटुम", तो 4 वर आणि 8 वर. गंमत म्हणजे आपले पाय नेमके तिथेच थांबतात. पाय गप्प असतात तेव्हा कोंगा बोलतो. हे एकदा कानाला लागलं की मोजायला कुणी लागत नाही. मला सम सापडायला तीन आठवडे लागले. ज्या दिवशी ती सापडली त्या दिवशी भाजी तशीच टाकून मी उठून उभी राहिले.

आता पाय. जोडीतला नेणारा, म्हणजे नाच पुढे नेणारा, 1 ला डावा पाय पुढे टाकतो, 2 ला उजव्यावर वजन परत आणतो, 3 ला डावा जागेवर, 4 ला थांबतो. मग उजवा मागे, वजन डाव्यावर, उजवा जागेवर, थांबा. समोर उभं राहून त्याच्या इशाऱ्यावर नाचणारीचं याच्या आरशासारखं उलट: 1 ला उजवा मागे, 5 ला डावा पुढे. पाऊल तळहाताएवढं छोटं टाका. गाण्याची गती मिनिटाला साधारण 160 ते 220 ठोके असते, ढांगा टाकल्या तर पोचणारच नाही. नवशिक्यांची खरी अडचण असते वजनाची. पाय पुढे जातो, वजन मागेच राहतं. ओट्यापाशी उभं राहून तपासा: 1 वर थांबा आणि दुसरा पाय उचलून बघा. सहज उचलला गेला तर वजन पोचलं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी रोज एवढंच करायचे. कंबर मुद्दाम हलवायला जाऊ नका. गुडघा वाकवून पाऊल ठेवलं आणि वजन येताना तो सरळ केला की कंबर आपोआप हलते.

हातांचं मला साडीवरून कळलं. दोघींनी मिळून नऊवारीची घडी घालताना टोकं सैल धरली तर मधे झोळ पडतो, फार ओढली तर समोरचीच्या हातातून सुटतात. साल्सात समोरच्याच्या हाताशी तेवढाच हलका ताण ठेवायचा. त्याच ताणातून कळतं की आता वळायचंय. समोरचा काय करणार याचा अंदाज बांधू नका, हातातून निरोप येईपर्यंत थांबा. मोठ्या वयात हे अवघड जातं, कारण दिवसभर आपणच सगळं ठरवत असतो. मला तर त्या थांबण्यातच विसावा मिळाला.

क्लास निवडताना दोन गोष्टी विचारा. जोड्या फिरवतात का? दर दोन-तीन मिनिटांनी जोडीदार बदलला तरच अंगात येतं, नवऱ्याबरोबर जात असाल तरीही. आणि ऑन वन शिकवतात की ऑन टू? ऑन वन म्हणजे वर सांगितलं तसं, पुढे-मागे जाणारं मुख्य पाऊल पहिल्या ठोक्यावर. ऑन टू म्हणजे न्यूयॉर्कची पद्धत, तिथे ते दुसऱ्या ठोक्यावर पडतं. दोन्ही छान आहेत, पण पहिलं वर्षभर एकच धरा.

रबरी तळव्याचे बूट नकोत. ते फरशीला चिकटतात, पाय अडकतो आणि पीळ गुडघ्याला बसतो. मी जुन्या बंद चपलांना मोचीकाकांकडून मऊ खरबरीत चामड्याचा तळ लावून घेतला, वर्षभर चालला. त्या पिशवीतून न्यायच्या, रस्त्यावर घालायच्या नाहीत. जास्तीचा एक कुर्ता आणि छोटा टॉवेल हवाच.

तीनेक महिन्यांनी सोशलला जा, म्हणजे जिथे क्लास नसतो, सगळे नुसते नाचायला येतात. लवकर पोचा, तेव्हा फ्लोअर मोकळा असतो. कुणी विचारेल म्हणून वाट बघू नका, स्वतः विचारा, बाईने विचारलेलंही तिथे सगळ्यांना चालतं. कुणी नाही म्हणालं तर तो बहुधा दमलेला असतो. आणि नाचताना समोरच्याच्या चुका काढू नका. शिकवायची जागा क्लास. बचाटा हा दुसरा नाच लागला आणि येत नसेल तर खुशाल बसून ऐका. पहिलं गाणं संथ हवं असेल तर डीजेला जाऊन सांगता येतं. मी घाबरत घाबरत सांगितलं होतं. त्याने मान डोलावली आणि पुढचंच गाणं तसं लावलं.