ड जीवनसत्त्व आणि हृदय: गोळी सुरू करण्याआधी

बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि महिन्याभरात रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व ११ आलं. मला वाटलं, सापडलं कारण! तसं नसतं. कमी 'ड' आणि हृदयविकार बरेचदा एकत्र दिसतात खरे, पण आजारी माणूस घरातच बसतो, उन्हात जात नाही, हेही त्यामागे असू शकतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हायटल' नावाच्या संशोधन-चाचणीत २५,८७१ जण होते. निम्म्यांना साधारण पाच वर्षं रोज 'ड'ची २,००० युनिट दिली, तरी हार्ट अटॅक किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत.

म्हणून आधी तपासणी, आणि तीही '२५-हायड्रॉक्सी'चीच, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या 'ड'च्या रूपाची. एकक बघा, नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरमध्ये २० च्या खाली म्हणजे साधारणपणे कमतरता. ती हाडांसाठी भरून काढायचीच. गोळी जेवणाबरोबर घ्या, हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं.

खरी काळजी पुढे आहे. आठवड्याची गोळी बाबा रोज घेत होते. चौथ्या दिवशी मला पाकिटातल्या चार रिकाम्या खाचा दिसल्या. 'ड' फार झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) किंवा थायाझाइड गटातली लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगाच. सतत तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळल्यासारखं वागणं दिसलं तर लगेच फोन करा.

आता पाकिटावर मी मार्करने ठळक 'रविवार' लिहिते. रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी मात्र एकही दिवस चुकू देत नाही.