कोणता अॅम्प (अॅम्प्लिफायर) भारी, हे कानाने ठरवायच्या आधीची तयारी

सगळ्यात आधी व्हॉल्यूम मॅच करा. मागच्या वेळी मी नेमकं हेच विसरलो आणि अख्खी संध्याकाळ जो अॅम्प जोरात वाजत होता त्याचंच कौतुक करत बसलो. दोन्हीची नॉब बारावर ठेवली म्हणजे आवाज सारखा झाला असं नसतं, प्रत्येकाचा गेन, म्हणजे आत आलेला सिग्नल किती पट वाढवतो ते, वेगळा. आणि अर्ध्या डेसिबलचा फरक कानाला "मोठा" वाटतच नाही हो, तो "क्लिअर" वाटतो, "बेस भरीव आहे" वाटतो, तिथेच माणूस फसतो.

कानाने मॅच करू नका, मोबाइल अॅपनेही नको. साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, 100 हर्ट्झच्या आसपासचा टोन लावा, स्पीकर जोडलेलाच राहू दे, आणि अॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर मोजा (प्रोब एकमेकांना टेकले तर अॅम्प जाईल, सांभाळून). एकीकडे 1.00 व्होल्ट आणि दुसरीकडे 1.01, तर चालेल, तो 0.1 डेसिबलपेक्षाही कमी फरक. 1.06 आला तर तो अर्धा डेसिबल, पुन्हा जुळवा. मग नॉबवर टेप मारा, कारण कोणीतरी हात लावतंच.

इक्वलायझर, बेस बूस्ट, लाउडनेस बटण बंद. अॅपमधलं नॉर्मलायझेशनपण (गाण्यांचा आवाज आपोआप सारखा करणारी सेटिंग). गाणं तेच, फाइल तीच, स्पीकर तेच आणि बसायची जागाही तीच, डोकं फूटभर सरकलं तरी बेस बदलतो, खोलीच तशी असते.

स्विच पटकन व्हायला हवा. वायर काढून लावण्यात पाच मिनिटं गेली की आधीचा आवाज नेमका कसा होता ते लक्षात राहत नाही, राहतं ते फक्त मत. स्विचबॉक्स घेणार असाल तर दोन अॅम्पचे आउटपुट एका क्षणासाठीही एकत्र जोडले जाणार नाहीत असाच घ्या. ट्यूब अॅम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवाला) असेल तर स्पीकरशिवाय चालू ठेवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

कोणता चालू आहे हे तुम्हाला दिसता कामा नये. स्विच करणारा तुमच्या मागे आणि गप्प, नाणं उडवून ठरवेल. त्याच्या चेहऱ्यावरूनही कळतं बरं का. 16 वेळा ऐका, दर वेळी कोणता अॅम्प चालू आहे ते ओळखा, 12 किंवा जास्त बरोबर आले तर काहीतरी खरंच ऐकू येतंय, नुसत्या अंदाजाने तेवढे येण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी. 9-10 आले तर वाद घालू नका.

स्पीकरची तुलना असेल तर व्होल्टेज जुळवून भागत नाही, पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी असलेला खळखळाटासारखा टेस्ट आवाज) लावून कानाच्या जागी साउंड मीटर धरा, अगदी तंतोतंत जुळणार नाही, जमेल तेवढं. आणि दोन्ही जोड्या एकाच जागेवर आलटूनपालटून.

उत्तरं कागदावर लिहा, मध्येच निकाल बघू नका, कान थकले की थांबा. आणि ब्रेकनंतर व्होल्टेज परत मोजा. परत म्हणजे परत, टेप असली तरी.