४३व्या पदाला उणे चिन्ह का आले?

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी माझी भाची १ ते न या संख्यांच्या लसाविची क्रमिका जावा या प्रोग्रामिंग भाषेत तयार करत होती. १, २, ६, १२, ६०, ६०, ४२० अशी पदे बिनचूक येत होती. ४२व्या पदापर्यंत, म्हणजे २१९०६०१८९७३९५९१२०० पर्यंत, सारे जुळले आणि ४३वे पद मात्र ऋण आले.

दोन संख्यांचा गुणाकार भागिले मसावि हे सूत्र योग्यच होते. ४३ ही मूळ संख्या असल्याने लसावि थेट ४३ पट होऊन ९४१९५८८१५८८०२४२१६०० होतो, आणि जावाच्या ६४ बिटांच्या लाँग प्रकारात ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही; मर्यादा ओलांडली की मोजणी ऋण टोकाकडून पुन्हा सुरू होते, म्हणून उणे चिन्ह आले. आधी भागाकार करूनही येथे काही साधत नाही, कारण उत्तरच मोठे आहे. म्हणून आम्ही बिगइंटिजर हा खूप मोठ्या पूर्णांकांसाठीचा जावाचा प्रकार वापरला आणि त्याच ओघात पायरीपायरीला मसावि काढणेही सोडून दिले.

हा भाग मला फार सुंदर वाटतो: न हा एखाद्या मूळ संख्येचा घात असेल (पहिला घातही धरून) तरच लसावि बदलतो, आणि तोही नेमका त्या मूळ संख्येनेच गुणला जातो. ८ला ४२०चे ८४० होतात, ९ला २५२०, १०ला काहीच बदलत नाही. आता तिचा प्रोग्राम प्रत्येक पदाला मागच्या पदाने भागून येणारी क्रमिकाही शेजारी छापतो: २, ३, २, ५, १, ७, २, ३, १, ११.